विश्लेषण : फोटो ‘हलतो’ तो का? शटर स्पीडचा आकडा कसा निवडावा?

हिवाळ्यातल्या रविवारी भल्या सकाळी पुणे-सोलापूर महामार्गावर, मांजरीच्या पुढे कवडीपाटाकडे वळणाऱ्या गाड्या दिसू लागल्या की समजावे, नदीवर पाहुणे पक्षी उतरले आहेत. मुळा-मुठेच्या काठावर हातभर लांबीच्या लेन्स घेतलेले हौशी छायाचित्रकार असतात. त्यांच्या शेजारी मुलाबाळांना घेऊन आलेली, खिशातला फोन काढून उभी राहिलेली मंडळीही असतात. चक्रवाकांचा थवा उठतो आणि दोघेही एकाच क्षणी बटण दाबतात. एकाच्या फोटोत पंखातले पीस न् पीस मोजता येते, दुसऱ्याच्या फोटोत नुसते तपकिरी फराटे उमटतात. ‘फोटो हलला’ असे म्हणून तो पुसून टाकला जातो आणि दोष फोनच्या किमतीला दिला जातो.

किमतीचा भाग त्यात आहेच. पण पुष्कळदा फरक एका आकड्याचा असतो आणि तो आकडा फोनने आपल्याला न विचारता ठरवलेला असतो. त्याचे नाव शटर स्पीड. पक्षी ठसठशीत येणार की नाही, एवढ्यापुरता तो नाही. द्राक्षाच्या पानावरचा डाग पाहणाऱ्याला ओळखता येईल का, लग्नाच्या फोटोवर काळे पट्टे येतील का आणि याच नदीवरचा फेस फेसासारखा दिसेल की दुधासारखा, हेही तोच आकडा ठरवतो.

शटर स्पीड म्हणजे नेमके काय?

दुकानाचे शटर वर केले की उजेड आत येतो, खाली ओढले की बंद. कॅमेऱ्याचे शटर हेच करते, फक्त फार थोड्या वेळासाठी. ते जितका वेळ उघडे राहते तितका वेळ समोरचे सगळे काही फोटोत नोंदले जाते. नावात ‘स्पीड’ असले तरी हा आकडा प्रत्यक्षात वेळेचा आहे. १/१००० म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, १/६० म्हणजे साठावा भाग. अनेक कॅमेऱ्यांच्या पडद्यावर वरचा एक गाळून नुसते १००० किंवा ६० लिहिलेले असते, त्यामुळे नवशिक्याला मोठा आकडा म्हणजे जास्त वेळ असे वाटते. आहे नेमके उलट.

आकड्यांची एक ठरलेली उतरंड आहे : १ सेकंद, १/२, १/४, १/८, १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१०००, १/२०००. प्रत्येक पायरीला वेळ साधारण निम्मा होतो, म्हणजे उजेडही निम्मा. खरी अडचण इथे सुरू होते. वेळ कमी केला की हालचाल गोठते, पण फोटो काळवंडतो. तो पुन्हा उजळवायचा तर आयएसओ वाढवावा लागतो. आयएसओ म्हणजे आत आलेल्या उजेडाचा संकेत किती पट वाढवून घ्यायचा, याचे माप. तो वाढवला की फोटोत रवाळपणा येतो, रंग विरतात.

उदाहरण घेऊ. सूर्य उगवायच्या जरा आधी, १/६० आणि आयएसओ १०० वर फोटो नीट उजळ येतो आहे. उडत्या पक्ष्यासाठी १/१००० हवे. म्हणजे उतरंडीवर चार पायऱ्या खाली जावे लागेल. मग आयएसओ चार वेळा दुप्पट करायचा : २००, ४००, ८००, १६००. उजेड तेवढाच, हालचाल गोठलेली, पण रवा आलेला. यात फुकट काहीच मिळत नाही. थोडा रवाळ पण स्पष्ट पक्षी हवा की गुळगुळीत पण फरफटलेला, एवढेच आपल्या हातात असते. आमचे मत विचाराल तर रवाळ बरा. रवा नंतर काढता येतो, फरफट निघत नाही.

फोनमध्ये शटर असते कुठे?

मोठ्या कॅमेऱ्यात खरोखरचे पडदे सरकतात. फोनमध्ये सरकणारे काही नाही. बटण दाबल्यावर येणारा ‘खटक्’ आवाज स्पीकरमधून काढलेला असतो. फोनचा संवेदक, म्हणजे ज्यावर प्रतिमा उमटते ती चकती, ठरावीक वेळ उजेड गोळा करते आणि मग ओळीमागून ओळ वाचली जाते.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. मोठ्या कॅमेऱ्यात उजेड आवरण्याचे तिसरे साधन असते, लेन्सचे लहानमोठे होणारे छिद्र. जवळजवळ सगळ्या फोनमध्ये हे छिद्र कायमचे एकाच मापाचे असते. म्हणजे फोनकडे उरतात दोनच गोष्टी, वेळ आणि आयएसओ. फोटोग्राफी शिकताना ज्या त्रिकोणाने लोक घाबरतात, त्याची एक बाजू फोनवाल्यांसाठी निर्मात्यानेच पक्की करून ठेवली आहे. शिकायला तेवढे सोपे.

ऑटोवर ठेवलेला फोन ही निवड कशी करतो? भरपूर ऊन असेल तर तो आपसूकच फार कमी वेळ निवडतो, हजारांश सेकंदाहूनही कमी. म्हणून दुपारच्या उन्हात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचे फोटो बहुधा चांगलेच येतात. तिथे आकड्यांशी झटापट करायची गरज नाही. घोटाळा होतो तो पहाटे, सावलीत, घरात, मंडपात आणि रात्री. उजेड कमी पडला की फोन रवा टाळण्यासाठी वेळ वाढवतो. स्थिर दृश्याला ते ठीक. पण वाढदिवसाच्या केकभोवती उड्या मारणारे मूल १/२० सेकंदात कुठल्या कुठे गेलेले असते.

‘नाइट मोड’ तर आणखी वेगळे करतो. तो एकामागून एक बरेच फोटो घेऊन ते एकावर एक रचतो. घाटावरची दिव्यांची आरास त्यात झकास येते. आरती ओवाळणारा हात मात्र भुतासारखा अर्धवट उमटतो.

आकडा स्वतः निवडण्यासाठी बहुतेक अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ असा प्रकार असतो. त्यात ‘एस’ किंवा ‘स्पीड’ लिहिलेल्या पट्टीवर बोट फिरवायचे. काही स्वस्त फोनमध्ये प्रो असूनही ही पट्टी नसते, हे विकत घेण्याआधी दुकानातच पाहून घ्यावे. आयफोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये ही पट्टी दिलेली नाही. त्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागते.

माणसे गायब झालेला रस्ता आणि हवेतला घोडा

आज आपण सेकंदाच्या हजाराव्या भागाची गोष्ट करतो, पण सुरुवातीला मामला मिनिटांचा होता. लुई दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात घोडागाड्या आणि माणसे येऊन गेली, आणि त्यांतले कोणीच उमटले नाही. रस्ता ओस दिसतो. कोपऱ्यात एक माणूस तेवढा दिसतो, कारण तो बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. गर्दीचा रस्ता ओस दाखवणारा हा फोटो खोटा नव्हता. त्याचा वेळ लांब होता, इतकेच. हा मुद्दा पुढे नदीपाशी पुन्हा लागणार आहे.

चाळीस वर्षांनी याच्या उलट झाले. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याच्या वाटेवर ओळीने बारा कॅमेरे लावले. घोडा पुढे जाईल तसतसे दोरे तुटून एकेक शटर उडत गेले. धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा वाद त्याने मिटला. सुटतात, पण चित्रकार दाखवत तसे पुढे-मागे ताणलेले असताना नाही. पोटाखाली गोळा झालेले असताना. डोळ्याला जे कधीच दिसले नव्हते ते शटरने दाखवले.

कवडीपाटावर कोणता आकडा लावायचा?

पाण्यात काठीसारखे पाय रोवून उभा असलेला शेकाट्या नवशिक्याचा मित्र. तो बराच वेळ एका जागी असतो, १/२५० पुरते. हळदीकुंकू बदके संथ पोहत असतात, त्यांनाही १/२५० ते १/५०० चालते. धोबी शेपटी सारखा वरखाली करतो. शरीर स्पष्ट आणि शेपटी धूसर आली तर आकडा कमी पडला असे समजावे.

उडत्या पक्ष्यांत अंगाने मोठे, जड पंखांचे चक्रवाक १/१००० वर बहुधा गोठतात. पाण्यावर झेपावणारा नदी सुरय आणि सुळकन वळणाऱ्या भिंगऱ्यांसाठी १/२००० किंवा त्याहून कमी वेळ हवा. सर्वांत बोलके उदाहरण काळ्या-पांढऱ्या खंड्याचे. मासा हेरताना तो पाण्याच्या वर हवेत एका जागी फडफडत राहतो. १/२५० वर त्याचे डोके आणि चोच स्पष्ट येते, पंख मात्र धुरासारखे. एकाच फोटोत एक भाग गोठलेला आणि एक हललेला. अनेकांना हा फोटो १/३२०० वरच्या कडक फोटोपेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात फडफड दिसते. सगळेच गोठवले की कधी कधी पक्षी भुसा भरलेला वाटतो.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगायला हवी. दूरच्या उडत्या पक्ष्यासाठी फोन हे साधनच नव्हे. आकडा बरोबर लावूनही पक्षी ठिपक्याएवढा येतो, आणि बोटांनी ताणून मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. फोन घेऊन गेलात तर थव्याचा, पाण्यातल्या प्रतिबिंबांचा, धुक्यातल्या काठाचा फोटो घ्या. आणि जवळून फोटो मिळावा म्हणून खडा मारून पक्षी उठवू नका. लांबून उडत आलेल्या पाहुण्याला विनाकारण दमवण्यात काय हशील आहे?

हाताची थरथर हा वेगळा भाग. समोरचे काहीच हलत नसले तरी आपला हात हलतो. जुना ठोकताळा असा की लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितक्याव्या भागाहून जास्त वेळ शटर उघडे ठेवू नये. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ मिलिमीटरच्या तोडीचा असतो, म्हणून १/३० पर्यंत हातात चालतो. थरथर सावरणारी यंत्रणा असेल तर आणखी खाली जाता येते. पाच पट झूम लावला की १२० मिलिमीटर होतात, मग किमान १/१२५ हवे. काठावरच्या ६०० मिलिमीटर लेन्सवाल्यांना १/६०० च्या आत राहावे लागते ते याचमुळे. थरथर सावरणारी यंत्रणा फक्त आपला हात सावरते, समोरच्याची हालचाल नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

मांजरीतून न थांबता जाणारी गाडी

आकडा पाठ करण्यापेक्षा गणित समजून घेतलेले बरे, आणि त्यासाठी रेल्वे उत्तम. पुणे-दौंड मार्गावर मांजरी स्थानकातून अनेक लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता जातात. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. म्हणजे १/१०० सेकंदात २८ सेंटिमीटर, १/१००० सेकंदात पावणेतीन-तीन सेंटिमीटर.

आता हे फोटोत किती दिसेल? दहा मीटरवरून फोनचा मुख्य कॅमेरा साधारण १४ मीटर रुंदीचे दृश्य टिपतो. फोटो आडवा ४००० ठिपक्यांचा धरला तर एक ठिपका म्हणजे साडेतीन मिलिमीटर. १/१०० वर गाडी ७५-८० ठिपके फरफटते, डब्यावरचे नाव वाचता येणार नाही. १/१००० वर फरफट आठ ठिपक्यांची. फोनच्या पडद्यावर ती जाणवतही नाही. तीच गाडी शंभर मीटर लांबून टिपली तर १/१०० देखील पुरते, कारण फरफट दहापट कमी होते. गाडी सरळ आपल्या रोखाने येत असेल तर बाजूने जाताना दिसते त्याहून हालचाल पुष्कळ कमी दिसते. म्हणून ‘गाडीसाठी आकडा किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. किती वेगाने, किती जवळून आणि कोणत्या दिशेने, हे तिन्ही विचारावे लागते.

इथे फोनची एक खोड कळते. संवेदक ओळीमागून ओळ वाचला जातो आणि सगळ्या ओळी वाचायला पुष्कळ फोनना एक ते तीन शतांश सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी बरीच पुढे सरकते. त्यामुळे फोन आडवा धरला तर डब्यांची दारे-खिडक्या तिरक्या, वाऱ्याने कलल्यासारख्या येतात. आकडा १/४००० केला तरी हा तिरकेपणा जात नाही. प्रत्येक ओळ स्पष्ट येते, पण वेगवेगळ्या क्षणाची. फोन उभा धरला तर डबा तिरका होण्याऐवजी ताणलेला किंवा आखूड दिसतो. छताच्या पंख्याची पाती फोटोत वाकलेली दिसतात तेही यामुळेच. पंखा बिघडलेला नसतो.

उलट बाजूने वेग दाखवायचा असेल तर आकडा मुद्दाम खाली आणावा. मांजरी रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाकीवर १/३० लावून फोन तिच्याबरोबर फिरवायचा, दुचाकी समोर यायच्या आधीच सुरुवात करायची, कंबरेतून वळायचे आणि बटण दाबल्यावरही थांबायचे नाही. जमले तर दुचाकीस्वार स्पष्ट आणि मागची दुकाने रेघांसारखी येतात. दहात एखादा जमतो. रेल्वेबाबत मात्र हे प्रयोग फलाटावरून, पिवळ्या पट्टीच्या आत राहूनच करावेत. रुळांवर किंवा फाटकाच्या आत उतरून फोटो काढणे गुन्हा आहे आणि जिवावर बेतते.

पानावरचा डाग आणि वाऱ्याची झुळूक

मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून. द्राक्षबागायतदार ज्या गोष्टीने हैराण असतो ती म्हणजे पानावर दिसणारा पहिला डाग. केवडा की भुरी की करपा? दोन-चार दिवसांचा उशीर आणि चुकीची फवारणी दोन्ही महागात पडतात. आता डाग दिसला की शेतकरी आधी फोटो काढून व्हॉट्सॲपवर ओळखीच्या सल्लागाराला पाठवतो. आणि हा फोटो हललेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

कारण वर सांगितलेले गणितच. पान फोनपासून दहा सेंटिमीटरवर आहे. एवढ्या जवळून अख्ख्या फोटोची रुंदी पंधरा सेंटिमीटरही नसते, म्हणजे वाऱ्याने पान अर्धा सेंटिमीटर हलले तरी फोटोत ते शंभराहून जास्त ठिपके सरकते. त्यात वेल मांडवाखाली सावलीत. ऑटोवरचा फोन उजेड कमी पाहून वेळ वाढवतो आणि डागाच्या कडा पुसल्या जातात. केवड्यात पानाच्या खालच्या बाजूला येणारी पांढरी वाढ आणि भुरीची राखेसारखी भुकटी यांतला फरक ओळखायचा तर त्या कडाच हव्या असतात.

उपाय सोपे आहेत. प्रो प्रकारात १/५०० लावा, आयएसओ ऑटोवर सोडा. प्रो नसेल तर पान देठाशी हलकेच धरून स्थिर करा किंवा एखाद्या पाठीवर, वहीवर टेका. पान उन्हाकडे वळवले तर फोन स्वतःच वेळ कमी करतो. पानाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, एक जवळून, एक थोडा लांबून. तीन-चार काढून त्यांतला ताणून पाहिल्यावरही स्पष्ट असलेला पाठवा. भर वाऱ्याच्या दुपारपेक्षा सकाळ बरी; तेव्हा हवा शांत असते.

लग्नाच्या फोटोवर काळे पट्टे कुठून येतात?

एवढे वाचून कोणी मंगल कार्यालयात जाऊन १/१००० लावेल आणि नवरानवरीच्या अंगावरून आडवे काळे पट्टे गेलेले पाहील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, ओळीने वाचणाऱ्या संवेदकाला कळते. काही ओळी दिवा उजळ असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. तेच पट्टे.

इथे आकडा १/१०० किंवा १/५० ठेवावा. म्हणजे प्रत्येक ओळीच्या वाट्याला दिव्याचे पूर्ण हेलकावे येतात आणि पट्टे नाहीसे होतात. अक्षता पडताना १/१०० वर तांदूळ थोडे फरफटतात, पण त्या फोटोला ते शोभते. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांना मात्र हा आकडा सांगू नका. तिकडची वीज ६० हर्ट्झची, त्यांना १/६० किंवा १/१२० लागतो. मंचामागच्या मोठ्या एलईडी पडद्याचे गणित आणखी वेगळे असते. तो चौकटीत आला की आकडा हळूहळू बदलत पट्टे जाईपर्यंत पाहणे, एवढाच मार्ग.

पालखी जाताना

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून लोणी काळभोरच्या मुक्कामाला जाते ती याच सोलापूर रस्त्याने, हडपसर आणि मांजरी फार्म ओलांडून. चालणारा वारकरी सेकंदाला साधारण सव्वा ते दीड मीटर जातो. चेहऱ्यावरचा घाम, कपाळाचा बुक्का हवा असेल तर १/२५०. पखवाजावर पडणारा हात गोठवायचा तर १/१०००.

पण गर्दीचा ओघ दाखवायचा असेल तर या आकड्यांचा उपयोग नाही. १/८ लावा, कोपर छातीशी घट्ट धरा किंवा फोन दुभाजकाच्या कठड्यावर टेकवा. चालणारे प्रवाहासारखे वाहताना दिसतील, आणि कडेला हात जोडून उभी असलेली आजी तेवढी स्पष्ट येईल, दागेरच्या बूट पॉलिशवाल्यासारखी. पावसाळी ढगाळ हवा असली तरी दिवसा उजेडात १/८ वर फोटो पांढराफटक पडू शकतो. आयएसओ सर्वांत कमी करून पाहावा, नाहीतर संध्याकाळची वाट पाहावी. फुगडीला १/३० चांगला. पदर आणि वेण्या गोल फिरतात, चेहरे ओळखता येतात.

नदीचा फेस की दूध?

पुन्हा कवडीपाटावर येऊ. इथे पाण्याला आडवा जुना बंधारा आहे आणि त्यावरून पाणी खाली पडते. मुळा आणि मुठा संगमाशी एकत्र येऊन पुण्यातून वाहत इथवर पोहोचतात तोवर शहराचे बरेचसे सांडपाणी नदीत उतरलेले असते. पाणी जिथे आपटते तिथे पांढरा फेस उठतो. फेसात साबणाचा, धुण्याच्या पावडरीचा अंश असतो. बरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, थर्माकोल.

याच जागेचे दोन फोटो काढता येतात. १/५०० वर फेसाचा बुडबुडा न् बुडबुडा, दगडाला अडकलेली पिशवी, तिच्यावरच्या छापासकट. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, फोन तिवईवर लावून अर्धा किंवा एक सेकंद शटर उघडे ठेवले तर तोच फेस रेशमी, दुधासारखा होतो. वाहत्या पिशव्या दागेरच्या घोडागाड्यांसारख्या विरघळून जातात. वर गुलाबी आकाश असेल तर पाहणाऱ्याला वाटावे, हा कोकणातला एखादा धबधबा. आयफोनमध्ये तर तिवईही लागत नाही. ‘लाइव्ह’ फोटो काढून नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ निवडले की उजेडातही जवळपास असाच परिणाम मिळतो.

दुसरा फोटो खोटा आहे का? नाही. त्यात काही जोडलेले किंवा पुसलेले नाही. तरीही ‘पुण्याजवळचे स्वर्गीय ठिकाण’ अशा ओळीसह तो फिरू लागला की नदीबद्दल चुकीची समजूत पसरते, हेही खरे. उलट १/५०० वरचा फोटो अगदी जवळून, फक्त पिशवीवर रोखून घेतला तर त्यात शेकाट्याही येत नाही आणि चक्रवाकही. पक्षी या पाण्यावर अजून उतरतात, ही गोष्टही तितकीच खरी आहे. आमच्या मते रेशमी पाण्याचा फोटो जरूर काढावा, मात्र खाली ‘एक सेकंद’ एवढे दोन शब्द लिहावेत. आणि नदीची अवस्था दाखवण्यासाठी, तक्रारीला जोडण्यासाठी फोटो हवा असेल तर १/५०० किंवा त्याहून कमी वेळ निवडावा, एक लांबून, एक जवळून.

तक्रारीसाठी आणखी एक खबरदारी. प्रत्येक फोटोसोबत फोन शटरचा वेळ, आयएसओ, तारीख, घड्याळाची वेळ आणि परवानगी दिली असेल तर ठिकाणही साठवतो. गॅलरीत फोटो वर सरकवला किंवा ‘तपशील’ दाबले की हे दिसते. स्वतःचे जुने हललेले फोटो असे उघडून त्यावरचा आकडा पाहणे हा शटर स्पीड शिकण्याचा सर्वांत स्वस्त वर्ग आहे. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. ती टिकवायची असेल तर जोडणीच्या चिन्हावर जाऊन ‘फोटो’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडून तोच फोटो पाठवावा. घरचे फोटो मात्र असे पाठवताना ठिकाणाची नोंद आधी बंद केलेली बरी.